छिन्नी कोणी मारली?

शहागडच्या फाट्यावर तुटलेले बोल्ट काढून देणारा एक मिस्त्री होता. गिऱ्हाइकानं इंजिन पुढ्यात ठेवलं, की हत्याराला हात लावायच्या आधी तो विचारायचा, "कोणी तोडला?"

शाळेत पोरांना हाच प्रश्न छडी घेऊन विचारणारा मी विहिरीवरचं इंजिन घेऊन गेलो, त्या पहिल्याच दिवशी त्याला म्हणालो, "आपोआप तुटला."

त्यानं तुटक्या बोल्टवरून बोट फिरवलं. "आपोआप तुटल्यावर छिन्नीचे घाव पडत न्हाईत, मास्तर." आणि विडी पेटवून बसून राहिला. छिन्नी मीच मारली होती हे मी कबूल केलं, तेव्हा कुठं उठला.

"लाज काढायला न्हाई विचारून राह्यलो. आत काय अडकलंय ते मला बराबर कळायला पाह्यजे."

मग त्यानं बोल्टच्या मधोमध बारीक भोक पाडलं, त्यात उलट्या आट्यांचं हत्यार ठोकलं आणि डोळे मिटून डावीकडं फिरवलं. बोल्ट मुकाट वर आला.

दोनेक वर्षांनी असाच एक बोल्ट काढताना माझ्याच इंजिनाच्या हेडमध्ये, वरच्या जड झाकणात, त्याचं ते हत्यार मोडलं. मी पाठमोरा चहा पीत होतो, मला पत्ताही लागला नसता. त्यानंच हाक मारली. "मास्तर, माझ्या हातानं मोडलं. जल्दी केली मी. आता हे माझ्याकडच्या हत्यारानं निघायचं न्हाई."

हेड पोत्यात गुंडाळून तो माझ्यासोबत एसटीनं जालन्याला, मोठ्या वर्कशॉपात आला. तिथल्या कारागिरानं पोतं सोडलं, आत वाकून पाहिलं आणि मान वर केली. तो काही विचारणार, त्याआधीच आमचा मिस्त्री म्हणाला, "मी तोडलंय. आत माझंच हत्यार हाय."