महागड्या स्क्रीनवरचा डाग

टोकियोतल्या निशी-कसाईत आमच्या घरी चार मराठी माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "ती लॅपटॉपची गोष्ट सांग ना." मग मी उठते, ओढणी खांद्यावर नीट टाकते आणि सेल्समन, त्याचा साहेब, नवरा, मुलगी अशा सगळ्या भूमिका एकटी वठवते. लोक पोट धरून हसतात. आज लिहून सांगतेय, म्हणजे तुमचे चेहरे मला दिसणार नाहीत. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर चुकीच्या जागी हसाल. त्या रविवारी दुकानात आमचा वाद चालला होता तो चांगल्या डिस्प्लेसाठी जास्तीचे पैसे घालावेत की नाही यावर. पण त्या काउंटरवर पणाला लागला होता माझा डावा डोळा. आणि हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच.

झाली तिसरी घंटा. आता खोकू नका.

मी इथल्या भारतीय रेस्टॉरंटांची मेनूकार्डं करते. नवऱ्याच्या नोकरीमागे जपानात आले, काही वर्षं नुसती कचरा वेगळा करायला शिकण्यात गेली, मग हे काम सापडलं. पनीर पांढरंशुभ्र करायचं, रस्सा लाल करायचा, बिचाऱ्या चपट्या नानला संगणकावर फुगवायचं. खोटेपणाचं काम आहे आणि मला ते फार आवडतं.

फोटो तपासायची माझी एक पद्धत आहे. एक डोळा मिटायचा, मान तिरकी करायची आणि सोनार अंगठी बघतो तसं बघायचं. मिटायचा डोळा कायम उजवा, कारण डावा मला एकटा मिटताच येत नाही. मिटायला गेले की दोन्ही मिटतात आणि तोंड वाकडं होतं. त्यामुळे आयुष्यात ज्याला डोळा मारला तो उजव्यानं मारला, नवरा त्याला साक्षी आहे, आणि ज्याची पारख केली ती डाव्यानं केली. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

हिवाळा संपता संपता माझा जुना लॅपटॉप बिघडायला लागला. म्हणजे मला तसं वाटलं. फोटो तपासायला बसले की मधोमध काहीतरी मळकट दिसायचं, काचेवर कुणी फुंकर मारल्यासारखं. मेनूकार्डाची सरळ चौकट मध्येच पोट आत ओढून उभी राहायची. मी स्क्रीन पुसायची, लॅपटॉप बंद करून चालू करायची, त्याला दोन शिव्या घालायची. मग एक दिवस एका रेस्टॉरंटच्या मालकाचा फोन आला. हा गृहस्थ नागपूरकडचा.

"ताई, बिर्याणीत केस आहे."

"मग तुमच्या आचाऱ्याला सांगा. मला काय सांगता?"

"आचाऱ्याचा नाही ना ताई. तुमच्या कार्डावरच्या बिर्याणीत आहे. छापून आला."

खरंच होता. मोठा, काळा, ऐटबाज केस, बरोबर बिर्याणीच्या मधोमध. तो फोटो मी स्वतः डोळ्यात तेल घालून तपासला होता. मी तिथल्या तिथे निकाल दिला. लॅपटॉप म्हातारा झाला, त्याची स्क्रीन गेली, त्याला निरोप द्यायचा.

"स्क्रीन चांगली दिसतेय की गं," नवरा म्हणाला.

"तुला काय कळतंय? तू दिवसभर काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं बघतोस."

तो परत त्याच हिरव्या अक्षरांकडे वळला. मला जिंकल्याचा आनंद झाला. आता वाटतं, त्याच वेळी त्यानं अजून थोडं भांडायला हवं होतं.

रविवारी तोझाई लाइनच्या मेट्रोनं आम्ही तिघं शहरातल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. हायस्कूलला जाणारी लेक आधीच बजावत होती की आत गेल्यावर मी मोठ्यानं बोलायचं नाही. दुकानाचं स्वतःचं गाणं असतं, ते तिथं अखंड चालू असतं, आणि त्या गाण्यात माणसाचं डोकं हळूहळू मऊ होत जातं. सेल्समन तरुण होता, केस व्यवस्थित, हातात पुसायचं निळं फडकं. त्यानं एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. एकात साधा डिस्प्ले, दुसऱ्यात उंची. दोघांच्या किमतीत पुण्याच्या एकेरी विमान-तिकिटाएवढा फरक.

"फरक तुमच्याच डोळ्यांनी बघा," तो अदबीनं म्हणाला. त्या वाक्यानं आज माझ्या अंगावर काटा येतो. तेव्हा मी फक्त अंगठ्यानं चष्मा वर ढकलला, उजवा डोळा मिटला आणि मान तिरकी केली.

साध्या स्क्रीनवर समुद्रकिनाऱ्याचा फोटो होता. मधे जरा धुरकट. "बघ," मी नवऱ्याला म्हणाले, "स्वस्त वस्तू अशी असते." मग उंची स्क्रीनकडे वळले. तिच्यावर गर्द काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरं फूल हळूहळू उमलत होतं. इतका काळा रंग मी कधी कुठल्या यंत्रात पाहिला नव्हता. विहिरीत डोकावल्यासारखं वाटलं. पाकळ्या एकेक करून उघडल्या, सगळं फूल उघडलं, आणि त्याच्या मधोमध, जिथं केसर असायला हवं, तिथं एक राखाडी ठिपका बसलेला होता. पावसाळ्यात भिंतीवर ओल येते तसा.

"याच्यावर डाग आहे," मी म्हणाले.

सेल्समन वाकून बघू लागला. मी बोटानं दाखवलं. तो अगदी त्या जागी बघत होता. त्यानं एकदा निळ्या फडक्यानं ती जागा पुसली आणि म्हणाला, "क्षमा असावी."

"गेला नाही."

"मनापासून क्षमा असावी."

त्यानं त्याच मॉडेलचा दुसरा लॅपटॉप आणला. तेच काळं, तेच फूल, तोच डाग. मग त्याचा साहेब आला. साहेबही वाकला. दोघं शेजारी शेजारी वाकून माझ्या बोटाखालच्या त्या जागेकडे बघत राहिले, आणि साहेब गंभीरपणे म्हणाला, "हाय, हाय." म्हणजे हो, हो. नव्यानं जपानात आलेल्या माणसाला वाटतं की हो म्हणजे हो. मला इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं की त्या होचा अर्थ फक्त "तुमचं ऐकलं" एवढाच असतो. गिऱ्हाईक डाग आहे म्हणतंय, तर नाही कसं म्हणायचं? तिघंजण एका डागाकडे बघत होते, त्यातल्या दोघांना तो दिसत नव्हता, आणि ते दोघं त्याबद्दल माफी मागत होते.

आणि माझी माणसं? नवऱ्यानं कोपराजवळ माझी बाही ओढली. "पुरे आता. इथे भाव नाही करत."

"मी भाव करत नाहीये. डाग आहे."

"तुळशीबागेत पण असंच म्हणायचीस. प्रत्येक साडीला डाग."

खरं होतं ते. तुळशीबागेत मी नसलेले डाग काढून दाखवलेले आहेत, आणि दुकानदारांनी ते मान्यही केलेले आहेत. लेक चार पावलं लांब जाऊन हेडफोनच्या रांगेत लपली होती. तिथूनच दात आवळून म्हणाली, "मम्मा, यामेते." थांब आता. मी तिला उजवा डोळा मारला. मला त्या सगळ्याची फार मजा वाटत होती, हे कबूल करायला हवं. समोर दोन माणसं झुकलेली, नवरा लाजेनं लाल, पोरगी फरार. असं प्रेक्षागृह रोज मिळत नाही.

शेवटी साहेबांनी तोडगा काढला. आतून सीलबंद खोका आणतो, घरी नेऊन निवांत बघा, डाग दिसला तर परत घेऊ. किंमतही थोडी खाली आली. नवऱ्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बाई, तू धन्य आहेस. आम्ही उंची डिस्प्ले घेऊन घरी आलो. ट्रेनमध्ये खोका माझ्या मांडीवर होता आणि मी सेल्समनची नक्कल करत होते. लेकसुद्धा हसली.

घरी आल्यावर चहा झाला. बाल्कनीतून दुपारचं स्वच्छ ऊन आत येत होतं. मी खोका उघडला, लॅपटॉप चालू केला, पूर्ण काळा वॉलपेपर लावला आणि उजवा डोळा मिटला.

डाग होता.

"बघ!" मी ओरडले. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. "बघ, मी म्हणत होते!"

नवरा येऊन बघून गेला. "काही नाहीये."

"तू नीट बघ. मधोमध."

"अगं नाटक कंपनी, आता घेतलाय तो. प्रयोग संपला."

लेकीला हाक मारली. तिनं वाकून पाहिलं, बोटाचं नख काचेवर टेकवून पाहिलं. "नाइ यो," ती म्हणाली. काही नाही. मग माझ्याकडे जरा वेगळं बघत मराठीत म्हणाली, जी ती क्वचितच बोलते, "मम्मा, तू मान हलव बरं."

मी मान डावीकडे नेली. डागही डावीकडे सरकला. मी वर पाहिलं. डाग स्क्रीनवरून उतरला, भिंतीवर चढला, कॅलेंडरवरच्या तारखांवर बसला. पडद्याच्या दांडीवर गेला आणि दांडी मधेच वाकली. घरात माझ्या नजरेबरोबर काहीतरी फिरत होतं. उजवा डोळा तसाच मिटलेला ठेवून मी लेकीकडे वळले.

तिचे केस होते. कान होते. कानातले होते. मधे चेहरा नव्हता.

माझ्या गोष्टीत या जागी मी नेहमी थांबते. लोकांना वाटतं मी परिणामासाठी थांबते.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यापुढे चौकटी आखलेला कागद धरला गेला. उजव्या डोळ्याला चौकटी सरळ होत्या. डाव्याला त्या मधे खचत होत्या, खाली कुणीतरी जमीन पोखरल्यासारख्या. डॉक्टर बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी फोटो काढले आणि समजावून सांगितलं की माझ्यासारख्या फार मोठ्या नंबरवाल्यांच्या डोळ्यात आत मागच्या बाजूला कधीकधी नको तिथं नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवतात, त्यातून पाणी झिरपतं आणि मधली नजर जाते. थोडी गेली आहे. बाकीची वाचवायची तर डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, आणि ते लवकर द्यायचं.

"तुमच्या लक्षात कधी आलं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. मालकाचा फोन, बिर्याणीतला केस, निळं फडकं, हाय हाय, सगळं जिभेवर होतं. पण डॉक्टर बाई पेन धरून वाट बघत होत्या, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट सांगता आली नाही. मी म्हणाले, "लॅपटॉप घ्यायला गेले होते."

बाहेर बाकावर नवरा हात मांडीखाली घालून बसला होता. मला पाहून त्यानं सरकून जागा केली. मग म्हणाला, "मला वाटलं तू भाव करतेयस."

"भाव कमी झालाच की," मी म्हणाले. तो हसला नाही.

इंजेक्शनाचं वर्णन मी कार्यक्रमात करते, इथं करत नाही. आधी भीती सुईची असते. मग कळतं की सुई काहीच नाही, भीती त्यानंतरच्या सकाळची आहे, पट्टी काढून पहिल्यांदा बघायचं असतं तेव्हाची. पहिल्या इंजेक्शननंतर डाग फिका झाला, गेला नाही. लेकीला नाक परत आलं, थोडं वाकडं. मी तिला तसं सांगितलं तर तिनं उशी फेकून मारली.

मग प्रश्न आला तो लॅपटॉपचा. जुना तर धडधाकट होता, त्याची स्क्रीन कधी गेलीच नव्हती. मी मुद्दाम दुकानात गेले, सेल्समनला सांगितलं की डाग तुमच्या मालात नव्हता, माझ्या डोळ्यात होता. त्यानं तरीही कमरेत वाकून माफी मागितली. मी विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला त्या दिवशी डाग दिसला होता?" तो कसनुसा हसला, मान कलती केली आणि म्हणाला, "चोत्तो..." म्हणजे जरासं, आणि पुढं काहीच नाही. जरासं दिसला, की सांगणं जरासं अवघड आहे, ते त्याचं त्यालाच माहीत. मी खोका परत देण्यासाठी बरोबर नेला होता. तो तसाच घेऊन परत आले.

कारण साध्या स्क्रीनवर तो डाग मी स्वस्ताईच्या खात्यावर टाकला असता. जुन्यावर म्हातारपणाच्या. एवढा काळा, एवढा निर्दोष काळा समोर नसता तर मी अजून काही महिने बिर्याणीतले केस छापत राहिले असते. पुण्याचं एकेरी तिकीट. त्यापायी मी आता कुणाशी वाद घालत नाही.

दवाखान्यातून मिळालेला चौकटींचा कागद दाराला चिकटवायचा होता, रोज बघायला. नवऱ्यानं त्याऐवजी नव्या लॅपटॉपवर काळ्यावर पांढऱ्या रेघांच्या चौकटी करून दिल्या. सकाळी डबे भरून झाले की मी तो उघडते, चष्मा वर ढकलते, उजवा डोळा मिटते. त्या वेळी आमच्या घरात कुणी बोलत नाही. लेक बूट घालता घालता दारात थांबते आणि विचारते, "दोओ?" कसं आहे?

"आहे तेवढाच," मी म्हणते. हावभाव नाहीत, आवाज चढवणं नाही. आणि तरी ती माझ्याकडे वळून नीट बघते, मी नाटक तर करत नाही ना, हे तपासायला. एवढ्या वर्षांत मीच तिला ती सवय लावली आहे.

आज सकाळी उजवीकडची एक रेघ जरा कललेली वाटली. वाटली असेल. लेकीला म्हणाले, थांब जरा, आणि निळं फडकं घेतलं. सेल्समननं ते खोक्याबरोबर दिलं होतं. मी रोज बघण्याआधी स्क्रीन पुसते. आज दोनदा पुसली. काय सांगावं, एखाद्या दिवशी डाग खरंच स्क्रीनवरच असेल.