बापूसाहेबांनी केलेलं कल्याण

दुपारची जेवणं आटोपून मनोरमाबाई आश्रमाच्या ओसरीत आरामखुर्चीवर टेकतात. आज संध्याकाळी गावच्या चौकात बापूसाहेब खांबेट्यांच्या पुतळ्याचं अनावरण आहे. त्यांनी काढलेल्या या विधवाश्रमाची तीस वर्षं व्यवस्था पाहिली ती मनोरमाबाईंनी, तेव्हा बोलायचंही त्यांनीच. काय बोलावं, याचा विचार करता करता डोळे जडावतात आणि शिवणयंत्रांची खडखड ऐकू यायला लागते.

शिवणवर्गात मुली नाहीत, यंत्रं मात्र आपोआप चालताहेत. शेवटच्या यंत्राशी बापूसाहेब बसलेत. जाऊन अकरा वर्षं झाली, तरी कोटाची बटणं तशीच गळ्यापर्यंत लावलेली.

"काय बाई, मुली बऱ्या आहेत ना?"

"कृष्णीचं विचारताय का?"

"कोण कृष्णी?"

मनोरमाबाईंच्या अंगाचा तिळपापड होतो. सतरा वर्षांची बालविधवा कृष्णी. मॅट्रिकला जिल्ह्यात पहिली आलेली. मला डॉक्टर व्हायचंय, म्हणून याच माणसाच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं होतं.

"हां, ती होय! तिचा पुनर्विवाह लावून दिला आपण. काय गर्दी लोटली होती लग्नाला! कल्याण झालं पोरीचं."

"बिजवर होता तो. चार लेकरांचा बाप."

"संसार हीच बायकांची खरी जागा. शिकायचं, ते तो नेटका करण्यापुरतं."

यंत्रांची खडखड थांबलेली आहे. आता इथे लोखंडी खाटा आहेत, फिनेलचा वास आहे. पहिल्या बाळंतपणात कृष्णी गेली ती खाट याच दवाखान्यातली. बापूसाहेब त्याच खाटेवर बसून आपल्या जुन्या भाषणाचे कागद चाळताहेत.

"तिला काय हवं होतं, ते कधी विचारलंत तुम्ही?" मनोरमाबाईंचा आवाज चढतो.

"तुम्ही विचारलंत?" ते मान वर न करता म्हणतात. "शालू तुम्हीच नेसवलात तिला. ती रडायला लागली, तेव्हा बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून दार कुणी लावलं?"

मीही विधवाच होते, तुम्ही घालवून दिलं असतंत तर कुठे गेले असते मी, असं मनोरमाबाईंना ओरडून सांगायचंय. पण तोंडावर कुणाचा तरी हात दाबलेला आहे.

"तुमचंही कल्याणच झालं की, बाई," बापूसाहेब पान उलटतात.

"बाई, उठा! गाडी आलीय न्यायला," आश्रमातली एक मुलगी खांदा हलवून जागं करते.

मनोरमाबाई डोळे उघडतात. उजवा हात तोंडावर घट्ट दाबलेला आहे. तो सोडवून त्या बघतात, तर तळव्यावर स्वतःच्याच दातांच्या खोल खुणा, एका जागी रक्त आलेलं. हात पदराखाली घेऊन त्या मुकाट्यानं गाडीत जाऊन बसतात.