रोबोटच्या कपाळाला हळद

रोबोटला कपाळ नसतं, ही माहिती मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळाली, आणि तीही सोसायटीतल्या पालकांच्या भरसभेत.

सभा मीच बोलावली होती. म्हणजे बोलावली होती माझ्या मुलीच्या, शर्वरीच्या शाळेतल्या फरहीन मॅडमनी. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि आमचा हॉल मोठा, म्हणून जागा आमची, चहा आमचा आणि भाषण (कुणीही न मागितलेलं) माझं. विषय होता मुलांच्या संघांची रोबोट स्पर्धा. पालकांना आणि पोरांना तिची ओळख करून द्यायची होती. मुलांनीच ठोकळे जोडून रोबोट बांधायचा, मुलांनीच त्याचा प्रोग्रॅम लिहायचा, मग एका मोठ्या टेबलावर तो आपला आपण फिरून ठरलेली कामं करणार. मोठ्या माणसांनी त्याला हात लावायचा नाही. हा नियम मॅडमनी मला सांगितला, शर्वरीनं सांगितला, आणि मनीषानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, कुणी विचारलेलं नसताना जाता-येता सांगितला.

पेच होता तो ओंकारचा. संघ तिघांचा: आमची शर्वरी, मॅडमची झोया आणि तिसऱ्या मजल्यावरचा ओंकार ढाकणे. दोघी पोरी जोडाजोडीत हुशार, पण प्रोग्रॅम जमायचा तो एकट्या ओंकारला. आणि त्याच्या वडिलांनी, बाळासाहेब ढाकण्यांनी, अजून हो म्हटलेलं नव्हतं. ढाकणे मूळचे कन्नड तालुक्यातले. बिडकीनला खतं-बियाणांचं दुकान. आवाज असा, की त्यांनी तिसऱ्या मजल्यावर चहा मागितला की तळमजल्यावर आमच्याकडे गॅस पेटायचा.

"दर रइवारी शिकवणी बुडवून पोरगं खेळण्याशी खेळणार व्हय?" हा त्यांचा सवाल. सभेत रोबोट चालताना बघायचा, पटलं तर सही करायची, नाही पटलं तर ओंकारची शिकवणी चालू आणि आमचा संघ बंद, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

शर्वरी आठवडाभर धड जेवली नव्हती.

"बाबा, ढाकणेकाका नाही म्हणाले तर संपलं सगळं."

"नाही कसे म्हणतील? मी आहे ना."

"त्याचंच टेन्शन आहे."

रोबोट शनिवारपासून आमच्याकडे मुक्कामाला होता. आता माझी अडचण समजून घ्या. मी शेंद्र्याला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्याकडे नवं मशीन आलं की आधी हळदकुंकू, मग नारळ आणि मगच वीज. परदेशातून मशीन बसवायला आलेल्या गोऱ्या साहेबानंसुद्धा बूट काढून हात जोडल्याचं मी पाहिलंय. घरातही तीच पद्धत. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, इतकंच काय, शर्वरीचा टॅब. पूजा झाल्याशिवाय आमच्या घरात कशाचाही प्लग भिंतीत गेलेला नाही. आणि ज्याच्यावर पोरीचं सगळं अवलंबून, तो बिचारा रोबोट तसाच कोरडा ढाकण्यांसमोर उभा राहणार? रविवारी दुपारी मी देवघरातून हळद आणि अक्षता उचलल्या.

शर्वरी अंघोळीला गेलेली. मनीषा चहाचे कप मोजत होती. मोठ्यांनी हात लावायचा नाही हे मला मान्यच होतं. पण मी म्हटलं, बोट म्हणजे काही अख्खा हात नव्हे!

प्रश्न कपाळाचा होता. स्कूटरला हेडलाइटच्या वर लावतात, फ्रिजला दारावर, मिक्सरला बटणाच्या वर. रोबोटला कुठे? समोर लावावं तर शर्वरीच्या नजरेत येणार. मी त्याला अलगद तिरका केला. पुढच्या बाजूला, खाली, जमिनीकडे तोंड केलेली एक छोटीशी गोल काच दिसली. माझ्या बोटाच्या टोकाएवढी. कुणाला दिसणार नाही आणि मापालाही बरोबर. बनवणाऱ्यांनी जणू आपल्या लोकांचा विचार करूनच सोय ठेवली होती. ओल्या हळदीचं बोट टेकवलं, वरून चिमूटभर अक्षता टाकल्या. कुंकू मुद्दाम टाळलं, कारण लाल रंग लगेच दिसतो. (गुन्हा करताना माणसाचं डोकं किती छान चालतं!) बाल्कनीत नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे करून वाटी भरली.

"नारळ कशाचा?" मनीषानं विचारलं.

"सभा आहे ना. शुभकार्य."

उतू जायच्या बेतात असलेल्या दुधाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत कपांकडे वळली.

संध्याकाळी हॉल भरला. नेमका त्याच दिवशी, आठवड्यानंतर, नळाला पाणी यायचा अंदाज होता. हे वाक्य आमच्या शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मंडळी बसली होती खुर्चीवर, पण कान सगळे टाकीकडे. ढाकणे पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

मॅडमनी छान माहिती दिली. मग ओंकारनं रोबोट टेबलावर ठेवला. टेबलावर काळी रेघ होती. रोबोट त्या रेघेवरून जाणार, पिवळा चौकोन आला की थांबणार, हात वर करून छोटी टोपली उचलणार आणि परत येणार. सोपं काम. शर्वरीनं माझ्या कुर्त्याची बाही घट्ट धरली. ओंकारनं बटण दाबलं.

रोबोट जागचा हलला नाही. त्यानं उभ्या उभ्या हात वर केला. खाली घेतला. परत वर केला. उघड्या जीपमधून मतं मागत निघालेल्या उमेदवारासारखा तो सगळ्या सभेला अभिवादन करत राहिला.

"चालतो कवा ह्यो?" ढाकणे म्हणाले.

"काल चालत होता काका," ओंकारच्या ऐवजी झोयाच बोलली.

"काल मी नव्हतो."

ओंकारनं त्याला पुढे ढकलून पाहिलं. चाकातून कटकट असा आवाज आला आणि तो पुन्हा हात वर करून उभा राहिला. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. आणि आता मन घट्ट करून सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात आलेला विचार असा होता: पूजा कमी पडली. नारळ फोडताना आपण नीट लक्ष दिलं नाही, अजून एक हळदीचं बोट लावायला हवं. मी देवघराकडे निघालोसुद्धा होतो, पण सभा विस्कटतेय हे दिसल्यावर मागे फिरलो आणि लोकांना धरून ठेवण्यासाठी भाषणाला उभा राहिलो.

"मंडळी, विज्ञानाच्या वाटेवर..." एवढं माझं बोलून होतंय तोच जिन्यातून हाक आली, "पाणी आलं."

अर्धा हॉल रिकामा झाला! भाषणामुळे गेले की पाण्यामुळे, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

ढाकणेही उठले. "चल रे ओंक्या. झालं बघून."

ओंकार मान खाली घालून उभा होता. "माझाच प्रोग्रॅम चुकला असंल," तो पुटपुटला. शर्वरी सरळ ढाकण्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"काका, थोडं थांबा ना. आम्ही शोधतो काय झालंय ते."

ढाकण्यांनी पोराकडे बघितलं. मग वर तोंड करून "मोटर लाव गं" असा आवाज दिला (तीन मजल्यांवर तीन मोटरी सुरू झाल्या) आणि ते परत बसले.

मॅडम पुढे झाल्या नाहीत. "मी हात नाही लावणार. तुम लोग ढूंढो," एवढंच म्हणाल्या. झोया म्हणाली, एका वेळी एकच गोष्ट तपासायची. आधी बॅटरी, ती ठीक. मग चाकं. तिनं चाकाच्या फटीतून काहीतरी नखानं ओढून काढलं आणि उजेडात धरलं.

"मम्मी, तांदूळ."

"शाळेत खिचडी असते ना," मी घाईघाईनं म्हणालो.

"सोनवणे सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कच्चा है."

मग रंग ओळखणारा भाग. त्याला काय दिसतंय ते टॅबवर वाचता येतं. काळ्या रेघेवर धरला. टॅब म्हणाला, पिवळा. पांढऱ्या कागदावर धरला; पिवळा. झोयाची हिरवी ओढणी धरली; पिवळा. ढाकण्यांना राहवेना. खुर्ची पुढे ओढून त्यांनी खिशातला काळा गॉगल काढला. "हे दावा बरं त्याला."

पिवळा.

"कावीळ झालीय ह्याला," ढाकणे म्हणाले.

इतका वेळ काहीतरी करावं म्हणून मी वाटी घेऊन खोबरं वाटत सुटलो होतो. ढाकण्यांच्या गालात एक तुकडा होता, दुसरा मी त्यांच्यासमोर धरला होता. शर्वरीनं रोबोट उलटा केला. काचेवरून बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं, मग बोटाचा वास घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं खोबऱ्याच्या वाटीकडे पाहिलं.

"बाबा, हात दाखवा."

मी हात कुर्त्याच्या खिशात घातला. कुर्ता पांढरा होता, आणि दुपारीही मी तोच हात त्याच खिशात घातला होता हे मला त्याच वेळी खिशावरच्या डागावरून कळलं.

"दाखवा हो," स्वयंपाकघराच्या दारातून मनीषा म्हणाली. "मलाही बघायचाय."

मी हात पुढे केला. सभेत जे उरले होते ते सगळे वाकून बघू लागले. इतक्या आस्थेनं माझा हात कुणा ज्योतिष्यानंही पाहिलेला नाही.

"कपाळ समजून लावली," मी म्हणालो.

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. "कपाळ नाही सर. डोळा आहे तो."

ओंकारच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "म्हंजे माझा प्रोग्रॅम बरोबर होता! पिवळं दिसलं की थांब, हात वर कर, असंच लिहिलंय मी. तो सांगितलं तेच करत होता."

शर्वरीनं स्वच्छ फडक्यानं काच पुसली. ओंकारनं बटण दाबलं. रोबोट रेघ धरून निघाला, वळणावर वळला, पिवळ्या चौकोनापाशी थांबला, टोपली उचलली आणि परत आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे ढाकण्यांकडे बघत होते.

ढाकण्यांनी तोंडातलं खोबरं चावून संपवलं. "शिकवणीत असं चूक हुडकायला शिकवत्यात का रे?"

"नाय," ओंकार म्हणाला.

"बरं. करतो सही. पर एक अट हाय."

"कोणती?" मी उत्साहानं विचारलं.

त्यांनी मॅडमकडे बघत माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना लांब ठेवा."

"मान्य," शर्वरी म्हणाली. माझ्या पोटच्या पोरीनं विचार करायला श्वासभरही वेळ घेतला नाही.

तेव्हापासून दर रविवारी सराव आमच्याच हॉलमध्ये चालतो. ढाकणे दुकान भाच्यावर सोपवून येतात आणि आमच्या दारात खुर्ची टाकून बसतात. मुलं येतात, मॅडम येतात, सगळे थेट आत जातात. मला मात्र माझ्याच घरात शिरताना दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवावे लागतात. मागच्या रविवारी त्यांनी हातांचा वासही घेतला आणि मला संध्याकाळपर्यंत आत सोडलं नाही. दुपारी मी पिठलं खाल्लं होतं.