चहाचे ग्लास आणि माझा डोळा

मंडळी, सकाळी डॉक्टरवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच काढला, मग पुन्हा धूसर कसं? म्हणे, भिंगामागचा पडदा गढूळ झालाय, लेझरने पाच मिनिटांत खलास. न कापता? काहीतरी लपवतायत, वाटलं.

संशयी मी आधीपासूनच. रूममेट सलीमभाई चहाचे ग्लास नीट धूत नाहीत म्हणून सहा महिने मीच धुतोय. तरी ते धुरकटच दिसायचे, मग मी साबणावर संशय घेतला.

संध्याकाळी लेझर करून इथल्या, आखातातल्या वादी अदाई वस्तीतल्या आमच्या खोलीवर आलो. सगळं लख्ख दिसत होतं. मी सकाळी धुतलेल्या ग्लासांवर चहाचे डाग! आणि सलीमभाई ते गुपचूप पुन्हा धूत होते.

"रोज धुता?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," ते म्हणाले.

आता डोळ्यात थेंबही तेच घालतायत. माफी कुठल्या तोंडाने मागू, सांगा?