हक्कसोडीची साडी

माझा आवाज कसा आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं खरं वाटेल. मी एसटीत कंडक्टर आहे. कोरेगावच्या स्टँडवर उभं राहून मी "चला, सातारा" अशी हाक दिली की लोणंदला फलाटावर थांबलेली रेल्वे हलायची. स्टेशनमास्तरांनी दोनदा तक्रार केली. असल्या आवाजाच्या बाईला देवानं नवरा दिला तो दिवसाकाठी चार शब्द बोलणारा. त्यात फौजी. म्हणजे ते चार शब्दसुद्धा काश्मिरातून यायचे.

लांब राहिलं की संसार मोडतो म्हणतात. आमचा लांब राहूनच टिकला. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "बरं हाय" म्हणायचे आणि गप्प. पण फोन ठेवायचे नाहीत. तेवढ्या गप्प जागेत मी माझं बोलणं ओतायची, आणि जागा मोठी, म्हणून बोलणंही मोठं करावं लागायचं. तिकीट चुकवणाऱ्या म्हाताऱ्याचा मी दरोडेखोर केला. गाडीत व्यायलेल्या शेळीला तिळं झालं.

सांगलीतलं घर आम्ही अशाच फोनवर घेतलं. निम्मा हप्ता त्यांच्या पगारातून, निम्मा माझ्या, आणि कागदावर दोघांची नावं. लेकरू झालं नाही, त्यामुळे त्या घराचेच लाड झाले. मग महापुराच्या साली पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला लागलं. फौजी तिकडं बर्फात, मी इकडं जिन्यावर. त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून मी सांगितलं की काळजीचं काही नाही, फक्त नदीतली एक मगर येऊन दाराची बेल वाजवून गेली. आणि तो माणूस हसला. त्यांचं हसू मी त्याआधी एकदाच ऐकलं होतं, आमच्या वरातीत, घोडा बिथरला तेव्हा. मग काय, मगर दर पावसाळ्यात यायला लागली. एकदा तर हळदी-कुंकवाला आली.

फौजी रिटायर होऊन आले ते काळी ट्रंक खांद्यावर घेऊन. मला वाटलं, आता रोजच सुट्टी. पहिल्याच महिन्यात जेवताना मी शेजारणीला मगरीची गोष्ट सांगत होते, तर हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "घोरपड असंल. आन घोरपडीचा हात बेलपत्तूर पोचत न्हाई."

शेजारीण हसली. मी गोष्ट तिथंच सोडली आणि तिला वरण वाढलं.

पुढची दोन वर्षं अशीच गेली. पहाटे उठून घोंगड्याची घडी इतकी चौकोनी घालायचे की कोपरा पायाला लागावा. मी ड्युटीवरून यायची तेव्हा त्यांचं जेवण होऊन ताट पालथं घातलेलं असायचं. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. त्यांना वडूजकडची वडिलार्जित जमीन खुणावत होती आणि मला सुट्टीवर येणारा माणूस हवा होता, जो घरातच बसला होता आणि तरी येत नव्हता. एके दिवशी ते म्हणाले, "आपण लांबच बरं हुतो." मी म्हटलं, व्हय. इतक्या ठसक्यात म्हटलं की मागं घ्यायला जागाच उरली नाही.

सोडचिठ्ठी राजीखुशीची घ्यायची ठरली. वकील लावायचा नाही, हेही ठरलं. वकिलाला घालायचं तर घराची एक खोली त्यालाच द्यावी लागेल, असा माझा हिशेब. आणि मला वकील कशाला? माझी अख्खी गाडी वकील होती. सांगली सोडताना मी पहिल्या सीटवरच्या मावशीला सहज विचारलं, आणि कराड येईस्तोवर सगळी गाडी माझ्या बाजूनं झाली. उंब्रजला चढलेले फौजींच्या बाजूचे निघाले. साताऱ्यात गाडी रिकामी झाली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, आता निकाल काय लागला तेवढं सांग, मला गलक्यात कळलं नाही. बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, मग घरात निम्मा वाटा का नको, यावर मात्र गाडीतल्या पुरुषांनीही माना हलवल्या.

या गोंधळातून चार कामाच्या गोष्टी हाताला लागल्या. कोर्टात बायकांना फुकट सल्ला देणारं एक टेबल असतं, त्याचा पत्ता गाडीतल्याच एकीनं दिला, आणि तिथल्या बाईंनी त्या सांगितल्या. निकाल लागेपर्यंत घर सोडू नका. घराच्या आणि कर्जाच्या कागदांच्या नकला काढून बाहेर कुठंतरी ठेवा. जोडखातं आहे त्या बँकेत अर्ज द्या, म्हणजे एकट्यादुकट्याला पैसे काढता येणार नाहीत. आणि घरातला हिस्सा तोंडी बोलण्यानं जात नाही, नोंदणी कचेरीतल्या सहीनं जातो, तेव्हा सहीला जपा. बँकेत गेले तर तिथला साहेब म्हणाला, बाई, घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, कर्जाचा होत नाही. दोघांपैकी एकानं हप्ता थकवला तर दुसऱ्याच्या दारात आम्ही येणार. मी म्हटलं, या, मगरसुद्धा येते. त्याला काही कळलं नाही.

एवढी सावध असूनही मी फसता फसता राहिले, ते साडीपायी.

फौजी तेव्हा गावाकडंच राहत होते, थोरल्या भावाजवळ. एका रविवारी दोघंही सांगलीत आले. थोरल्या दिरांच्या हातात नारळ आणि पेढे, आणि फौजींच्या हातात पिशवी. पिशवीत साडी. मोरपंखी, काठाला बारीक कोयरी. नोकरीभर या माणसानं मला कँटीनमधला साबण आणला, कुकर आणला, एकदा तर बुटाचं पॉलिश आणलं. साडी कधी नाही. मी काही विचारलं नाही. डोक्यावर पदर घेतला, साडीला हळदी-कुंकू लावलं आणि डाळ शिजत घातली. पुरण वाटताना माझे हात इतके हलके झाले होते की वाटण आपोआप होत होतं. शेजारीण खिडकीतून विचारत होती, आज काय सण? मी म्हटलं, हाय एक.

मला वाटलं होतं, न्यायला आलेत. किंवा राहायला.

पोळ्या झाल्या. थोरले दीर तूप ओतून चार खाऊन पाटावरच रेलले आणि म्हणाले, लय ग्वाड झाल्या. मग त्याच सुरात म्हणाले, "उद्या नोंदणीच्या हापिसात जाऊ. तेवढी हक्कसोड करून टाक बाई. साडी नेसूनच ये."

मी पोळपाटावर हात ठेवून उभी राहिले. हक्कसोडीची साडी मला चांगली ठाऊक होती. आमच्याकडं बहिणीनं भावाच्या नावावर आपला वाटा सोडला की तिला साडीचोळी करतात, पुरणपोळी घालतात आणि गाडीत बसवून देतात. कोरेगावात मी माझ्या भावांसाठी सही केली होती. तेव्हा अशीच साडी आली होती, असाच नारळ. त्या दिवसापासून माहेरी मला पाहुणी म्हणून पाट मिळतो, खोली मिळत नाही. म्हणजे हे सांगलीचं घर गेलं, तर मला बॅग ठेवायला एसटीचा टपच उरला होता.

थोरल्या दिरांचा राग तरी काय करायचा? त्यांनी तीन बहिणींच्या सह्या अशाच घेतल्या होत्या. बाईचा वाटा घ्यायचा म्हणजे नारळ आणि साडी, दुसरी रीतच त्या माणसाला ठाऊक नव्हती. पण फौजींना ठाऊक होती. ते भिंतीकडं बघत बसले होते.

माझा आवाज त्या दिवशी निघालाच नाही. लोणंदची रेल्वे जागेवरच राहिली. हळूच म्हटलं, "आवं, ही बहिणीची साडी हाय. बायकूला बहिणीची साडी आणलीत व्हय?"

थोरले दीर पाटावर ताठ बसले. म्हणाले, यात वंगाळ काय, रीत हाय. मी म्हटलं, रीत भावा-बहिणीची हाय भावजी. मग मला यांची बहीण करा, दर भाऊबीजेला यांनी ओवाळून घ्यायला यायचं.  पेढ्याचा पुडा उघडायचा राहून गेला.

फौजी तेवढ्यात बोलले. चार शब्दांच्या वर गेले. म्हणाले, "दादा, ऱ्हाऊ दे. घर तिचंच हाय. मी हितं सुट्टीवर यायचो फकस्त."

इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याच वाक्यानं ते माझ्या हातून गेले. त्यांनी तेव्हा माझ्याकडं बघितलं असतं, तर मी सगळे कागद चुलीत घातले असते. नाही बघितलं.

मग सल्ल्याच्या टेबलावर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो आणि त्या बाईंनी अटी लिहून घेतल्या. घर माझं, उरलेलं कर्जही माझं, बँक कर्जावरून त्यांचं नाव काढेल तेव्हाच घर सोडल्याची त्यांची सही होईल. पेन्शन त्यांची, ठेव त्यांची, गावाकडच्या रानावर माझा काही दावा नाही. शेवटी काळ्या ट्रंकेचं निघालं. ती माळ्यावर होती. बाई म्हणाल्या, नेण्याची मुदत घाला, नाहीतर पुढं वाद होतात. फौजी माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, सवडीनं नेतील, असं लिहा. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. सगळं घर तुम्ही कुलूपबंद केलंत, म्हणाल्या, आणि हे दार उघडं का? मी म्हटलं, बाई, ते दार नाही, माळा आहे.

कोर्टानं विचार करायला मधे सहा महिने दिले. त्या सहा महिन्यांत वडूजची गाडी फलाटाला लागली की मी पंच करायचं सोडून उतरणारी माणसं बघायची. पुढच्या तारखेला जजसाहेबांनी पुन्हा विचारलं, नक्की का? मी आधी फौजींच्या तोंडाकडं बघितलं, त्यांनी माझ्या. दोघांनीही वाट बघितली. मग दोघांनीही हो म्हटलं. पुढं बँकेचं पत्र आलं, नोंदणी झाली, आणि घरपट्टीवर माझं एकटीचं नाव छापून आलं. ते नाव मी दहादा वाचलं. प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी जागा मोकळी दिसली.

साडी परत केली नाही. नेसलेही नाही. घडी घालून त्या ट्रंकेत ठेवली, वरच्या फौजी कांबळीवर. ट्रंक न्यायला आले की बरोबर जाईल.

यंदा पाऊस लय झाला. कृष्णा घाटावर चढली, गल्लीत नावा आल्या, आणि पाणी आमच्या दुसऱ्या पायरीवर येऊन थबकलं. संध्याकाळी फोन वाजला. इतक्या दिवसांनी.

"पाणी कुठवर हाय?"

सांगितलं. पलीकडं रानातल्या विहिरीवरची मोटार चालल्याचा आवाज येत होता.  त्या घोरपडीच्या दिवसापासून मी त्यांना कुठलीच गोष्ट सांगितली नव्हती. मग तेच म्हणाले,

"मगर आलती का?"

मी जिन्यावर बसले. म्हटलं, "आलती. दोनदा बेल वाजवली. ट्रंकेचं इचारत हुती. मी म्हनलं, मालक येनार हायेत न्यायला."

"मग?"

"कवा, म्हनली."

ते काही बोलले नाहीत. पण फोनही ठेवला नाही.