लोबो मॅडमचे डोळे चोख होते

एका बाईचं खरं बोलणं मी खोटं पाडलं. त्या बाई काल गेल्या.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररियन, लोबो मॅडम. ग्रुपवर सगळे फुलं टाकतायत. मला जमलं नाही.

मी २००६ साली त्यांच्या हाताखाली लागलो. मालवणातलं छोटं कॉलेज, कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी, आणि अख्ख्या लायब्ररीत कॉम्प्युटर कळणारा मी एकटा. माज होता हो. खोटं कशाला सांगू.

मॅडमचा एकच शब्द प्रसिद्ध होता. आसा.

कोणी काउंटरवर पुस्तक मागितलं की त्या कॅटलॉग बघायच्या आणि सांगायच्या, "आसा." त्या 'आहे' म्हणाल्या म्हणजे ते असायचंच. पुस्तक हरवलं तर त्याच दिवशी त्याचं कार्ड ड्रॉवरमधून बाहेर.

पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, "आसा म्हटला काय आसूक होया, बाबा. नायतर लोकांनी आपल्याकडे कित्याक येवचा?"

मी मान डोलावली. कानाआड केलं.

मग कॉलेजने ई-जर्नल्सचं पॅकेज घेतलं. म्हणजे एक कंपनी पन्नास ठिकाणची जर्नल्स गोळा करून एकत्र देते, तसलं. प्रत्येक जर्नलची नोंद, रेकॉर्ड म्हणतात त्याला, कंपनी दर महिन्याला ईमेलने पाठवायची. ती आपल्या कॅटलॉगात चढवायची.

दोन फायली यायच्या. एक नव्या नोंदींची. दुसरी, पॅकेजमधून बाहेर पडलेल्या जर्नल्सची. ती चालवली की त्या नोंदी कॅटलॉगातून निघून जायच्या.

मी पहिली चालवायचो. दुसरी उघडायचोसुद्धा नाही.

का? कारण कॅटलॉगचा आकडा वाढला की प्रिन्सिपल सर खूश व्हायचे. तपासणी कमिटी यायची होती. काढून आकडा कमी कोण करणार?

मॅडम विचारायच्या, काढूचा काय आसा काय रे? मी म्हणायचो, सगळं अपडेट आहे मॅडम.

२००८. मिठबावची विशाखा. आमचीच जुनी विद्यार्थिनी, आई मासे विकायची. ती शाळेत शिकवून एम.फिल. करत होती. कोल्हापूरच्या गाईडने तिला एक लेख आणायला सांगितला होता. तो वाचल्याशिवाय चॅप्टर घेणार नाही म्हणाले होते, आणि मुदतीला दोन दिवस उरलेले.

तिने लायब्ररीत फोन केला. मॅडमनी स्वतः स्क्रीनवर शोधलं, जर्नलचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आसा. ये तू."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, एसट्या बदलत ती आली. सोबत आई.

मॅडमनी लिंक दाबली. पान उघडेना. परत दाबली.

मला क्षणात कळलं. ते जर्नल तीन महिन्यांपूर्वीच पॅकेजमधून गेलं होतं. काढायची फाईल माझ्या मेलमध्ये तशीच पडलेली.

मी म्हणालो, सर्व्हर डाऊन असेल.

त्या दोघी दुपारपर्यंत बाकावर बसून होत्या. निघताना तिची आई मॅडमना शांतपणे म्हणाली, "टोपलीत नसलेली सुरमय बाजारात ओरडूची नसता, बाय."

मॅडमनी तिच्यापुढे हात जोडले. माझ्यादेखत.

विशाखाचं वर्ष गेलं.

इथवर असतं तर आळस म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढे मी जे केलं ना, त्याला आळस म्हणत नाहीत.

मॅडम जेवायला गेल्यावर मी ती नोंद गुपचूप काढून टाकली.

संध्याकाळी त्यांनी परत शोधलं. जर्नल नाही. त्यांनी चष्मा पुसला, परत शोधलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काल माका दिसला होता रे. आज सकाळी पण."

मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही दोन्ही वेळा दुसरंच नाव वाचलं असेल. सारखीच नावं असतात."

त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर.

प्रिन्सिपलनी याबद्दल बोलावलं तेव्हा, "चूक माझीच आहे, सर. माझी नजर चुकली," म्हणून सांगून आल्या. मी दाराबाहेर उभा होतो. ऐकलं सगळं.

त्याच आठवड्यात त्यांनी कणकवलीला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला काही नाही. तरी नवीन चष्मा केला.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत त्या काउंटरवर कधी 'आसा' म्हणाल्या नाहीत. कोणी काही विचारलं की म्हणायच्या, थांब हां, ह्याका बघूक सांगतंय. आणि मला हाक मारायच्या.

मला!

त्या रिटायर झाल्यावर मी सगळ्या जुन्या फायली चालवल्या. आकडा धाडकन खाली आला. कोणी विचारलंसुद्धा नाही. ज्या आकड्यासाठी एवढं केलं, तो कोणाला हवाच नव्हता.

२०१० मध्ये बांद्याच्या बाजारात भेटल्या. माझ्या हातातली पिशवी बघून घरच्यांची चौकशी केली. मग हळूच म्हणाल्या, "त्या मिठबावच्या पोरीचा माझ्यामुळे वर्ष गेला. अजून जीवाक लागता."

तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या हो मॅडम. होतं असं."

माफ केलं मी त्यांना! लाज वाटते लिहिताना.

विशाखा, तू हे वाचत असशील तर त्या दिवशी चुकलो तो मी. तुझ्या आईला सांग, नसलेली सुरमई ओरडणारा मी होतो.

आणि मॅडम, ते नाव तिथेच होतं. तुम्ही बरोबर वाचलं होतंत.

श्रद्धांजली वाहायचं माझं तोंड नाही. तुमची माफी मागतो. शांत झोपा.