सायराकान आपाची परात

सायराकान आपा आमच्या शेजारच्या. दोन्ही घरांमध्ये एक मातीची भिंत, आणि तिलाही गुरांनी येऊन-जाऊन खिंडार पाडलेलं. त्यांच्याबद्दल कुणी लिहायचं तर मीच लिहावं, असं गावात डिश बसवणारा मेल्स म्हणतो. तो स्वतः बोलायला पटाईत आहे, पण लिहायला बस म्हटलं की त्याला कुणाच्या तरी छपरावरची डिश आठवते.

आपा म्हणजे आई. त्या साऱ्या गावाच्याच आपा होत्या. तरुणपणी सामूहिक शेतावर गाई पिळायच्या. लाथाळ गाय असली की इतर बायका म्हणायच्या, "हिला सायराकानकडे द्या, ती हिच्याशी भांडेल." आणि खरंच, आपा गाईच्या कानाशी लागून तिला शिव्या देत धार काढायच्या आणि गाय निमूट उभी राहायची. नवरा तुरार मेंढपाळ होता. एका शरदात कुरणावरून उतरताना घोड्यावरच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मागे केंजे ही मुलगी आणि शायलो हा मुलगा. शायलो म्हणजे आमच्या भाषेत निवडणूक. तो मतदानाच्या दिवशी जन्मला. "मत द्यायला गेले आणि मुलगा घेऊन आले," आपा सांगायच्या. "सरकारनं मला दिलेली ती एकच गोष्ट, आणि तीसुद्धा मीच जन्माला घातली."

शायलो मोठा झाला तोवर शेत मोडलं होतं, मेंढ्या विकल्या गेल्या होत्या. गावातली पोरं रशियात कामाला जात, तसा तोही गेला. पण इतरांसारखा तिथल्या राजधानीत न जाता पार उत्तरेला, जिथे नद्या अर्धं वर्ष गोठलेल्या असतात अशा एका शहरात. त्या वेळी फोन आमच्याच घरी होता. आपा खिंडारातून येऊन फोनशी बसायच्या आणि इतक्या मोठ्यानं बोलायच्या की माझी बायको म्हणायची, "फोन ठेवलात तरी त्याला ऐकू जाईल, आपा."

एकदा तो म्हणाला, "इथल्या शहराची वाहिनी उपग्रहावर असते, आपा. लहान डिशवर लागायची नाही. मोठी मिळाली तर मी रोज चालतो तो रस्ता तुला घरबसल्या दिसेल."

झालं. वरच्या दरीत खनिजं शोधणाऱ्या भूगर्भवाल्यांचा तळ ओस पडला होता, तिथे एक डिश होती. आडवी धरली तर दोन माणसं डोक्याला डोकं लावून झोपतील एवढी, एकसंध ॲल्युमिनियमची. आपांनी तिथल्या राखणदाराला आपली गाभण घोडी दिली आणि डिश आणली. मेल्सनं ती अंगणात लोखंडी खांबावर बसवली. आमच्याकडे डिशला ताटच म्हणतात, पण हिचा आकार बघून मेल्स म्हणाला, "आपा, ही तर परात! हिच्यात मांस शिजवलं तर सगळा तालुका जेवेल, आणि तरी तुम्ही मला हाडच द्याल." तेव्हापासून ती परातच झाली.

त्या हिवाळ्यात शायलो खरंच दिसला. शहरात बर्फ फार पडल्याची बातमी होती. कुणी अधिकारी बोलत होता आणि त्याच्या मागे फावडी घेतलेली माणसं. आपा उठून पडद्याला नाक लावून ओरडल्या, "तो! तो बघा, तुरारची टोपी! नाक पुसतोय बाहीनं, गाढव!" मीही पाहिला. आम्ही नीट बघेपर्यंत चित्र बदललं. आपांनी त्या दिवशी सगळ्या गल्लीला चहा पाजला.

पुढच्या वसंतात फोन थांबले. कोचकोर गावचा एक मुलगा शायलोच्याच शहरातून परत आला होता. त्याला भेटायला केंजेनं मेल्सला पाठवलं. मेल्सनं परत येऊन आम्हाला सांगितलं ते असं, की गोठलेल्या नदीवरून मालाची गाडी नेताना बर्फ फुटला आणि गाडी खाली गेली. कुणी सापडलं नाही. मग तो आपांकडे गेला. "आपा, मी कोचकोरला जाऊन आलो," एवढंच बोलला, तर आपा म्हणाल्या, "थंडीतून आलास, चहा घे." तो चहा प्यायला आणि आला.

देह नाही, म्हणून जनाज्याची नमाज नाही. आपांनी काही विचारलं नाही आणि कुणाला सांगूही दिलं नाही. रोज संध्याकाळी त्या शहराच्या बातम्या लागल्या की त्या समोर बसत. बोलणाऱ्याकडे त्यांचं लक्षच नसे. त्याच्या मागून जाणारी माणसं, बसथांब्यावरची रांग, दुकानाच्या दारातली गर्दी, तिथे त्यांची नजर. अशी वर्षं गेली. त्या शहराचं त्यांना आमच्या गावापेक्षा जास्त ठाऊक झालं. सकाळी भिंतीपलीकडून मला हाक यायची, "जेकशेन, त्यांचा नवा पूल झाला! आपल्या ओढ्यावरची फळी कधी बदलणार?" कधी म्हणायच्या, "आज तिकडे फार गारठा आहे. शायलो कानावर टोपी ओढत नाही, त्याला सांगून सांगून दमले."

मग त्यांचे गुडघे गेले. हिवाळ्यात विहिरीपर्यंत जाणं होईना. केंजे खाली तोकमोकला नांदत होती, ती न्यायला आली.

"येते," आपा म्हणाल्या. "पण परात आली तर."

"आपा, आमच्याकडे केबल आहे. ढीगभर वाहिन्या दिसतात."

"माझी दिसते?"

केबलवर ती नव्हती. त्या वाहिनीला मोठीच परात लागायची, आणि तशी दुसरी कुठून आणणार? परात धड पोचली तर आपांना त्या रस्त्यावरची माणसं दिसणार, नाहीतर नाही, हे सगळ्यांना कळत होतं. केंजे पुढे गेली. न्यायचं काम मेल्सवर आणि माझ्या जुन्या ट्रकवर आलं.

मेल्सनं वारा पडलेली सकाळ निवडली. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच रॉकेल सोडून ठेवलं होतं. आधी त्यानं परातीसमोरच्या काठ्यांवर बसवलेलं छोटं यंत्र काढलं. त्याला तो डोळा म्हणतो. डोळा रजईत गुंडाळून आपांच्या मांडीवर दिला. "हा तुमच्या मांडीवर बसून येणार. रडला तर सांगा." मग खिळ्यानं खांबावर खूण कोरली, परात किती कलली होती त्याची. पाठीमागून दोर बांधले, तुळईचा टेकू दिला. दोर धरायला मी आणि दोन शेजारी.

"खालचे नट आधी," तो ओरडला. "वरचे आधी सोडले तर ही बया आपल्या उरावर बसेल. आणि ऐका, कडेवर टेकवायची नाही. कडेला चेप आला तर लांबून येणारं एवढंसं चित्र हिच्यात गोळा व्हायचं नाही."

परात नमद्यावर, लोकरीच्या जाड पथारीवर, अलगद उतरली. आपांनी तिच्यावरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

भांडण झालं ते ट्रकपाशी. मेल्सनं फळ्यांवर जुने टायर आणि त्यांवर नमदे अंथरले आणि म्हणाला, "आता पालथी घ्या."

"पालथी?" आपा म्हणाल्या.

आमच्या बाजूला माणूस गेलं की त्याची चहाची वाटी धुऊन फडताळात पालथी ठेवतात. एरवी वाटी कुणी पालथी ठेवत नाही. लहान मुलानं चुकून ठेवली तर धपाटा बसतो.

"आपा, ही परात आहे, वाटी नाही," मेल्स म्हणाला.

"ही कुणी आणायला सांगितली? शायलोनं. मग त्याचीच झाली. जित्या माणसाचं भांडं पालथं घालून मी घर सोडू?"

"उताणी ठेवली तर वारा भरेल हिच्यात. पालथीवरून वारा घसरून जातो. वाटेत दोलोनच्या खिंडीत काय वारं असतं, तुम्हाला मी सांगायला हवं?"

"आम्ही तंबू उंटावर घालून ती खिंड जन्मभर ओलांडली. तंबूचं माथ्यावरचं कडं कधी पालथं नेलं नाही. उडालं का?"

"त्या कड्याला भोकं असतात, आपा! हिला कुठायत?"

"मग पाड भोकं! एवढा शहाणा आहेस तर!"

दोर धरणारे शेजारी हसले. मेल्सनं माझ्याकडे पाहिलं. मला तो आके म्हणतो, म्हणजे दादा. "जेकशेन आके, तुम्ही वर्षाला दोन शब्द बोलता. त्यातला एक आज खर्च करा."

मी म्हणालो, "हळू चालवतो."

आईच्या वयाच्या बाईचं ऐकायचं नाही, हे आमच्यात कुणाला जमत नाही. परात उताणी ठेवली आणि जेवढे होते तेवढे दोर तिच्यावरून ताणले.

पायथ्यापर्यंत सगळं ठीक होतं. आपा आमच्या दोघांमध्ये, मांडीवर डोळा. तोकमोकला भाकरी कशी फिकी असते ते सांगत होत्या. चढाला लागलो आणि वारा सुटला. प्रत्येक वळणावर मागून घुमल्यासारखा आवाज यायला लागला, आणि माथ्याच्या थोडं खाली दोर तुटल्याचा फटका ऐकू आला. मी गाडी थांबवली. परात एका बाजूनं उठत होती आणि परत आदळत होती. मेल्स फळ्यांवर चढून तिच्यात आडवा पडला, मागोमाग मीही. खाली श्वास घेतल्यासारखी ती आम्हाला दोघांना उचलायची. तिची कड बाजूच्या लोखंडावर घासत होती. दुसरा दोरही पिळत चालला होता.

आपा खाली उतरून ट्रकला धरून उभ्या होत्या. डोईचा रुमाल सुटून गळ्यात आला होता.

"आपा!" मेल्स ओरडला. "दोनच वाटा आहेत. पालथी घालू देता, की दरीत सोडू?"

वारा थोडा पडला, पुन्हा आला. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "मेल्स, तू कोचकोरच्या त्या पोराशी बोलला होतास."

"बोललो होतो, आपा."

"गाडी खाली गेली तेव्हा शायलो आत होता?"

मेल्स परातीत तसाच पडून होता. थट्टा केल्याशिवाय ज्याला नमस्कारसुद्धा करता येत नाही असा तो माणूस. त्यानं मान फिरवली नाही. आपांकडे बघूनच म्हणाला, "होता. तोच चालवत होता. त्या पोरानं काठावरून पाहिलं."

"हाक मारली का त्यानं?"

"वेळ नव्हता, आपा."

त्यांनी रुमाल पुन्हा डोक्यावर घेतला, हनुवटीखाली गाठ मारली. वाऱ्यात गाठ नीट बसेना, तर सोडून परत मारली.

"घाल पालथी," त्या म्हणाल्या.

एक झुळूक जाऊन दुसरी यायच्या आत आम्ही ती उलटली. उलटल्याबरोबर ती नमद्याला चिकटून बसली. वारा वरून घसरून जात होता, मेल्स म्हणाला होता तसाच. कडेला एक ओरखडा होता, चेप नव्हता. आम्ही दोर पुन्हा आवळले. मी आपांना हात देऊन वर चढवलं. खाली तोकमोक येईपर्यंत डोळा त्यांच्या मांडीवर होता आणि त्या त्याला रजईवरून थोपटत होत्या. त्यांना ते कळत होतं की नाही, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी केंजेच्या अंगणात मेल्सनं बरोबर आणलेला तोच खांब रोवला, खुणेप्रमाणे परात कलवली, तिला दिशा दाखवत सकाळभर राबला. शेवटी आतून केंजेची हाक आली, "आलं! चित्र आलं!" मी आत गेलो. तेच शहर होतं. बर्फ, दिव्यांची रांग, बसमध्ये चढणारी माणसं. इतकं स्वच्छ चित्र आमच्या गावातही कधी दिसलं नव्हतं. केंजेनं समोरच्या खुर्चीवर उशी ठेवली होती.

खुर्ची रिकामी होती. मागच्या बाजूनं तापल्या तेलाचा वास येत होता.

गेलेल्यांसाठी आमच्या बायका सात पातळ पोळ्या तेलात तळतात. तेलाचा तो वास त्यांच्यापर्यंत पोचतो, असं आम्ही मानतो. आपा चुलीसमोर बसून तळत होत्या. मी दारात उभा राहून म्हणालो, "आपा, लागली वाहिनी."

"बरं झालं. मेल्सला म्हणावं, हात धुऊन ये."

आम्ही चौघं बसलो. आपांनी तळवे वर केले आणि नावं घेऊ लागल्या. सासूबाई, सासरे, स्वतःचे आईवडील, तुरार. तुरारनंतर त्या नेहमी थांबत आणि तोंडावरून हात फिरवत. आम्ही हात तोंडाकडे नेलेही होते. त्यांचे तळवे तसेच वर राहिले.

"तुरारचा मुलगा शायलो," त्या म्हणाल्या.

केंजे रुमालात तोंड खुपसून रडू लागली. बाहेरच्या खोलीत बातम्या सांगणारी बाई बोलतच होती. मेल्स उठला, जाऊन टीव्ही बंद करून आला आणि खाली मान घालून बसला. आपांनी पोळीचे तुकडे केले, एकेक आमच्या हातात दिला.

"खा रे," त्या म्हणाल्या. "त्याच्या नावाची पहिलीच आहे."